जिना कुठे ठेवायचा

घर बांधायचं ठरलं तेव्हा खोल्या किती, खिडक्या कुठल्या बाजूला, ओटा केवढा, यावर आमच्यात फारसा वाद झाला नाही. अडून बसलो ते जिन्यापाशी. मला तो हॉलच्या मधोमध हवा होता, वरून उजेड झेलणारा, पायऱ्यांवर बसून पुस्तक वाचता येईल असा ऐसपैस. नवऱ्याला तो दाराजवळ हवा होता, एका कडेला, जवळजवळ घराबाहेरच. हे घर पुढे कधीतरी दोन घरं होणार आहे, आणि त्या दिवशी जिना कुणाच्या हॉलमध्ये निघतो यावर सगळं अवलंबून राहील, असं त्याचं म्हणणं. या विषयात जसजशी शिरत गेले तसतसं ते मला पटत गेलं. आता तर वाटतं, दोन मजली घराचा नकाशा पाहताना सगळ्यात आधी जिना पाहावा.

नीट बांधलेलं, वेळच्या वेळी राखलेलं काँक्रीटचं घर पन्नास-साठ वर्षं सहज उभं राहतं. एवढ्या काळात कुटुंब मात्र एका आकाराचं राहत नाही. आज आम्ही पाच जण आहोत: सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. दहा-बारा वर्षांनी मुलं बाहेर पडतील. त्यातलं एखादं आपला संसार घेऊन परत येईल, किंवा येणार नाही. आम्ही दोघं थकू आणि चार खोल्या झाडणंसुद्धा जिवावर येईल. कधी एक मजला भाड्याने द्यावासा वाटेल, कधी विकावा लागेल. यातलं नेमकं काय होईल हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि ते ठाऊक नसतानाच स्लॅब ओतावा लागतो.

सासूबाईंनी नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा दोन दारांवर बोट ठेवून विचारलं, ‘आत्तापासूनच वाटण्या का गं?’

‘वाटण्या नाहीत, आई. पुढे कुणाला वेगळं राहावंसं वाटलं तर घर मोडायला लागू नये, एवढंच.’

‘आणि नाही वाटलं तर?’

‘तर ते दार नुसतं उघडं राहील.’

त्या काही वेळ गप्प राहिल्या. मला त्यांचा प्रश्न लागला होता, कारण तो खरा होता. वेगळं होण्याची सोय आधीच करून ठेवण्यात काहीतरी अभद्र आहे असं आपल्याला आतून वाटतंच. पण मी आजूबाजूला जी कडू विभागणी पाहिली आहे ती बहुतेक ठिकाणी अशी सोय नसल्यामुळे झालेली आहे. एकाच स्वयंपाकघराच्या मधून घातलेली भिंत, एकाच्या बेडरूममधून दुसऱ्याचा रस्ता, संडासाच्या किल्लीवरून धुमसणारी भांडणं. माणसं वाईट नव्हती. घरानेच त्यांना एकमेकांच्या अंगावर ढकललं होतं. दोन कुटुंबांना प्रेमाने जवळ राहायचं असेल, तर दोघांनाही आपापलं दार लावून घेता यायला हवं, असं माझं ठाम मत झालं आहे.

हा विचार काही नवा नाही. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरात १९२४ साली ट्रूस श्रोडर या बाईंनी खेरिट रीटवेल्ड या वास्तुरचनाकाराकडून एक छोटं घर बांधून घेतलं. नवरा नुकताच वारला होता, पदरात तीन मुलं होती. त्यांच्या अटी फार शहाण्या होत्या. प्रत्येक खोलीत पलंग एकाहून अधिक जागी मांडता यावा, प्रत्येक खोलीला पाण्याची आणि सांडपाण्याची सोय असावी, आणि प्रत्येक खोलीतून थेट बाहेर जाता यावं. वरच्या मजल्यावर सरकत्या भिंती केल्या होत्या. दिवसा एक मोठी मोकळी जागा, रात्री मुलांच्या वेगवेगळ्या खोल्या. त्या बाई १९८५ पर्यंत, म्हणजे साठ वर्षं, त्याच घरात राहिल्या. घराचं नाव निघतं ते त्याच्या लाल, निळ्या, पिवळ्या रंगांमुळे. मला मात्र त्या पाण्याच्या आणि दारांच्या अटीच जास्त मोलाच्या वाटतात. कुठल्याही खोलीला पाणी असलं आणि स्वतःचं दार असलं, की ती खोली स्वतःच्या पायावर उभी राहू शकते.

पुढे १९६१ मध्ये जॉन हाब्राकेन या डच वास्तुरचनाकारानेच हे तत्त्व नीट मांडलं. इमारतीचे दोन भाग धरा, असं तो म्हणाला. एक, जो दीर्घकाळ टिकणार आणि सगळ्यांचा मिळून असणार, तो आधाराचा सांगाडा. दुसरा, जो राहणारा माणूस आपल्या गरजेप्रमाणे बदलत राहणार, तो आतला भराव. हे दोन एकमेकांत गुंतवू नका. त्याच्या डोळ्यांपुढे मोठमोठ्या गृहसंकुलांचा प्रश्न होता, पण एका कुटुंबाच्या दोन मजली घरालाही ही गोष्ट तंतोतंत लागू पडते. कॉलम, बीम, स्लॅब, जिना आणि पाइपांचा डक्ट एकदा झाले की झाले. बाकी भिंती, दारं, कपाटं, ओटे सगळं हलवता येतं. म्हणून डोकं शिणवायचं ते पहिल्या यादीवर. दुसऱ्या यादीतल्या गोष्टी आवडीप्रमाणे कराव्यात आणि खुशाल बदलाव्यात.

घर दोन प्रकारे विभागता येतं, आडवं किंवा उभं. आडवं म्हणजे खालचा मजला एकाचा, वरचा दुसऱ्याचा. उभं म्हणजे शेजारी शेजारी, दोघांनाही जमीन आणि दोघांनाही आभाळ. उभ्या विभागणीत वरच्याच्या पावलांचा त्रास नसतो, गच्चीचा वाद नसतो, म्हाताऱ्या माणसासाठी दोन्ही घरांत तळमजल्यावर एक खोली काढता येते. पण जिने दोन लागतात आणि प्लॉटला पुरेशी रुंदी लागते. अरुंद प्लॉटवर हे करायला गेलं की दोन लांबट बोळ तयार होतात आणि मधल्या खोल्यांत दिवसा दिवे लावावे लागतात. आमचा प्लॉट अरुंदच आहे, म्हणून आम्ही आडवी विभागणी धरली. रुंदी असती तर मी उभीच निवडली असती.

तर जिना. तो हॉलच्या मध्यात असला की वरच्या घराचा रस्ता कायम खालच्या घरातून जातो. पुढे वेगळं व्हायची वेळ आली की दोनच वाटा उरतात. एक, बाहेरच्या बाजूने नवा जिना चढवायचा, मग खिडक्या झाकल्या जातात आणि मोकळी सोडायची जागा त्यात जाते. दुसरी, आतला जिना काढून स्लॅबमधलं भोक बुजवायचं आणि दुसरीकडे नवं पाडायचं. सळया कापून स्लॅबला नवं भोक पाडणं म्हणजे सांगाड्यालाच हात घालणं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय ते करूच नये. आणि वरच्या घरात राहणाऱ्याला आग लागल्यावर बाहेर पडायला दुसऱ्याच्या हॉलमधून जावं लागत असेल, तर ती विभागणी कागदावरसुद्धा उभी राहत नाही.

आता आमचा जिना मुख्य दारातून आत आल्याबरोबर आहे, एका छोट्या लॉबीत. या लॉबीवर आम्ही इतर कुठल्याही खोलीपेक्षा जास्त वेळ घालवला. पुढे तिथे दोन दारं येणार, एक खालच्या घरात जाणारं, एक जिन्याच्या तोंडाशी किंवा वरच्या लँडिंगवर. दोन्ही दारं उघडताना एकमेकांवर आपटू नयेत आणि मध्ये एक माणूस पिशव्या घेऊन उभा राहू शकावा, यासाठी दीड मीटर बाय दीड मीटर मोकळी जागा तरी हवीच. जिन्याची रुंदी एक मीटर ठेवली आहे. लँडिंगवर फ्रिज वळतो का, दोन मीटर लांबीचं स्ट्रेचर वळतं का, हे आम्ही जमिनीवर खडूने रेघा मारून आणि लांब फळी हातात धरून, फिरून पाहिलं. फळी पहिल्या आराखड्यातल्या वळणावर अडली, म्हणून लँडिंग वाढवून घेतलं. कागदावर ते आम्हाला दिसलंच नव्हतं.

आज या लॉबी आणि हॉलच्या मध्ये फक्त काचेची हलकी चौकट असेल. उजेड येईल, जिना हॉलमधून दिसेल, आणि मी पायऱ्यांवर बसून वाचूही शकेन. काच काढून तिथे भिंत घालणं हे पुढे गवंड्याचं दोन-तीन दिवसांचं काम. त्या भिंतीचं वजन पेलायला खाली बीम मात्र आत्ताच टाकलेला आहे. हेच दारांचंही. पुढे जिथे दार लागू शकतं तिथे लिंटेल, म्हणजे दारावरचा भार पेलणारी आडवी तुळई, आत्ताच ओतून घ्यायचं आणि खालची मोकळी जागा विटांनी भरायची. विटा बाजूच्या भिंतीत गुंतवायच्या नाहीत, नुसत्या भरायच्या. त्या दिवशी मिस्त्री येईल, गिलावा फोडेल, विटा काढेल आणि चौकट बसवेल. वरच्या भिंतीला टेकू द्यायची गरज पडणार नाही. बांधतानाच हे करून घेतलं तर खर्च नगण्य, आणि नंतर सगळं घर धुळीने भरण्यापासून वाचतं.

लॉबीत जिन्याच्या बाजूला एक अडगळीची खोली आहे, दीड मीटर बाय दीड मीटर, आणि तिच्या बरोबर डोक्यावर तशीच दुसरी. दोघींच्या मधला स्लॅबचा तुकडा चारही बाजूंनी बीम देऊन वेगळा ओतला आहे. वरच्या घरात राहणाऱ्याचे गुडघे एक दिवस जिना नाकारतील, तेव्हा तिथे घरगुती लिफ्ट बसवता येईल. तोवर त्यांत बॅगा, सतरंज्या, जुनी वह्या-पुस्तकं राहतील.

दुसरी मोठी गोष्ट पाण्याची, किंवा नेमकं बोलायचं तर सांडपाण्याची. स्वच्छ पाण्याचा पाइप कुठूनही कसाही वळवून नेता येतो, कारण त्याला मागून दाब असतो. सांडपाणी फक्त उताराने जातं. चाळीसास एक असा उतार धरला तर तीन मीटर अंतराला साडेसात सेंटिमीटर उतार लागतो, त्यात पाइपाची स्वतःची जाडी मिळवायची. एवढी खोली साध्या फरशीखाली मिळत नाही. म्हणून वरच्या मजल्यावर पुढे जिथे स्वयंपाकघर येणार ती खोली डक्टला चिकटूनच हवी. आमच्याकडे खालच्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर ती खोली आहे, खालच्या बाथरूमच्या डोक्यावर बाथरूम, आणि दोन्हींच्या मध्ये एकच डक्ट. आज ती खोली धुणं-इस्त्रीची. तिथे सिंकसाठी पाइपाचं तोंड काढून बूच लावून ठेवायचं. ट्रॅप, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणारं पाइपाचं वळण, बसवून तसाच सोडायचा नाही; वापर नसला की ट्रॅपमधलं पाणी हळूहळू उडून जातं आणि गटाराचा वास थेट खोलीत येतो.

आणखी एक गोष्ट प्लंबरने दाखवली, ती मला फार महत्त्वाची वाटते. बऱ्याच घरांत वरच्या बाथरूमचे पाइप स्लॅबच्या खालून, म्हणजे खालच्या खोलीच्या छतातून नेलेले असतात. घर एक असताना त्याचं काही वाटत नाही. घरं दोन झाली, की वरच्याचा पाइप खालच्याच्या छतात असतो. गळती झाली तर वरच्याने दुरुस्तीसाठी खालच्याच्या घरात शिरायचं, त्याचं छत फोडायचं, आणि खालच्याने आपल्या डोक्यावरचे ओले डाग पाहत त्याची वाट बघायची. ही माणसं भाऊ-बहीण असली तरी दर पावसाळ्यात मनं दुखावणार. म्हणून वरच्या बाथरूमचा स्लॅब पंचवीस-तीस सेंटिमीटर खाली बुडवून घ्यायचा, त्यात उत्तम वॉटरप्रूफिंग करायचं आणि वरचे सगळे आडवे पाइप त्याच खळग्यात, वरच्या घराच्या हद्दीत ठेवायचे. बुडवलेल्या स्लॅबलाही गळती लागू शकते, हे मान्य. म्हणून त्याच्या तळाशी साचलेलं पाणी डक्टमध्ये सोडणारी बारीक नळी ठेवतात. ती ठिबकायला लागली की वेळीच कळतं. आणि डक्टचं दार बाहेरच्या बाजूला, म्हणजे कुणाच्याही घरात पाऊल न टाकता प्लंबर काम करू शकतो.

सासूबाईंनी नंतर जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. ‘वरती भांडं पडलं तर खाली दचकायला होईल का?’

होईल, काही केलं नाही तर नक्की होईल. आवाज दोन वाटांनी येतो. बोलणं, टीव्ही, रडणारं मूल हा हवेतून येणारा आवाज. तो अडवायला वजन लागतं. पंधरा सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब दर चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या वर भरतो, त्यामुळे वरचं बोलणं खाली फारसं येत नाही. पावलं, सरकवलेली खुर्ची, पडलेलं भांडं यांचं तसं नाही. तिथे स्लॅबलाच थेट ठोका बसतो आणि तो सगळा स्लॅब वाजतो. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडने एकावर एक असलेल्या दोन घरांमधल्या स्लॅब-जमिनीसाठी दोन्ही प्रकारच्या आवाजांना प्रयोगशाळेतल्या चाचणीत किमान ५० चा दर्जा ठरवला आहे. नुसता काँक्रीटचा स्लॅब पहिल्या चाचणीत सहज उत्तीर्ण होतो आणि दुसरीत साफ नापास.

यावरचा उपाय म्हणजे तरंगती जमीन. स्लॅबवर फेसाळ रबर किंवा तत्सम मऊ थर अंथरायचा, त्यावर पाच-सहा सेंटिमीटरचा कोबा, आणि मग फरशी. कोबा स्लॅबला किंवा भिंतीला कुठेही टेकता कामा नये. मऊ थर कडेने भिंतीवर वर वळवून घ्यायचा, आणि स्कर्टिंगची फरशी जमिनीला चिकटवायची नाही, मध्ये बारीक फट ठेवून ती लवचीक सीलंटने भरायची. सिमेंटचा एखादा गोळा थराच्या फटीतून खाली उतरला तरी तो पुलासारखं काम करतो आणि ठोका त्यातून खाली पोचतो. हे काम चालू असताना घरातल्या कुणीतरी तिथे उभं राहावं. गवंड्याला थर कशासाठी आहे ते सांगितलं की तो काळजी घेतो. न सांगता सोडलं तर सवयीने कोपरे मालाने भरून टाकतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

‘हे पुढे करू, जेव्हा दोन घरं होतील तेव्हा’ असं आमच्या मनात आलं होतं. पण वरची जमीन पुढे सात सेंटिमीटरने उचलली, तर जिन्याची शेवटची पायरी साडेसोळाची साडेतेवीस सेंटिमीटर होते. पाय पायरीची उंची दोन-तीन पायऱ्यांतच पाठ करतात आणि मग न बघता चढतात. म्हणूनच पायऱ्यांच्या उंचीत जेमतेम एक सेंटिमीटरचा फरक चालतो. सात सेंटिमीटर जास्त म्हणजे रोज कुणीतरी ठेचकाळणार आणि एक दिवस कुणीतरी पडणार. शिवाय सगळी दारं खालून कापावी लागतील, बाल्कनीचे उंबरे कमी पडतील, कठडे बुटके होतील. त्यामुळे एक तर तरंगती जमीन आत्ताच घालायची, किंवा तिची जाडी धरून जिना आणि उंबरे आत्ताच ठरवायचे. आम्ही आत्ताच घालतो आहोत. मुलं दुपारी वर उड्या मारतील तेव्हा खाली आजीला झोप लागेल, हा फायदा घर एक असतानाही आहेच.

आगीचं थोडक्यात सांगते. दोन घरांमधली भिंत आणि स्लॅब यांनी तासभर तरी आग अडवून धरावी अशी अपेक्षा अनेक देशांच्या नियमांत असते. चांगला काँक्रीटचा स्लॅब हे करतो. धोका असतो तो भोकांचा. पाइप, वायरी जिथून आरपार जातात त्या फटी धुराला मोकळा रस्ता देतात. प्रत्येक मजल्यावर डक्ट स्लॅबच्या पातळीला बंद करायचा आणि पाइपांभोवतीच्या फटी आग रोखणाऱ्या साहित्याने भरायच्या. प्लॅस्टिकचा पाइप आगीत वितळतो आणि मागे भोक राहतं, म्हणून त्याच्याभोवती उष्णतेने फुगून भोक बुजवणारी खास कडी मिळते, ती बसवायची.

विजेचं तत्त्व साधं: दोन मजले, दोन वेगळे डिस्ट्रिब्युशन बोर्ड, आणि एकाची वायर दुसऱ्याच्या भिंतीत नाही. मीटरच्या जागी दुसऱ्या मीटरसाठी मोकळी जागा आणि तिथून वर जाणारा रिकामा कॉन्ड्युट, म्हणजे वायरी ओवायची नळी. पण जिन्याच्या दिव्याचं काय? तो खालून लागतो आणि वरून बंद होतो. त्याची वायर दोन्ही मजल्यांवर फिरते. खालच्या बोर्डावरून घेतली तर पुढे वरच्याचा उजेड खालच्याच्या बिलात. म्हणून जिना, लॉबी, पाण्याचा पंप आणि फाटकाचा दिवा यांचं तिसरं स्वतंत्र सर्किट केलं आहे, त्याला वेगळा छोटा सबमीटर. बिल किती येईल हा मुद्दा नाही. दर महिन्याला कुणी कुणावर उपकार करतंय असं वाटायला नको, एवढ्यासाठी ते.

इतकं सगळं पुढचं पाहताना आजचं घर कसं होईल याची मला मध्येच भीती वाटायला लागली. दोन फ्लॅट एकावर एक ठेवून मध्ये जिना जोडलेलं घर मला नको होतं. मुलांनी खालून हाक मारली तर वर ऐकू यायला हवी. आणि इकडे आम्ही आवाज अडवायला धडपडतोय. यावर उत्तर जिन्याचंच निघालं. जिन्याच्या वरचा भाग आम्ही मोकळा आणि उंच ठेवला आहे, वर झरोका. दारं नाहीत तोवर आवाज, उजेड, स्वयंपाकाचा वास तिथून मोकळेपणी वर-खाली फिरेल. स्लॅब गप्प, जिना बोलका. पुढे दोन दारं लागली की तोच जिना दोन्ही घरांमधली मोकळी जागा होईल. वरची मोठी खोली मुलांच्या खेळण्याची, पुस्तकांची. तीच पुढे वरच्या घराचा हॉल. आज ती गरजेपेक्षा थोडी मोठी वाटते, पण मोठी खोली कधी वाया जात नाही.

तळमजला म्हातारपणासाठी धरला आहे. दारं नव्वद सेंटिमीटर, कुठेही उंबरठा नाही, न्हाणीघरात चाकाची खुर्ची वळेल असं दीड मीटर व्यासाचं वर्तुळ, आणि कमोडच्या बाजूची भिंत भरीव विटांची, म्हणजे धरायचा दांडा पक्का बसेल. आधी त्या खोलीत सासूबाई राहतील. नंतर आम्ही.

दोन घरं झाल्यावरही मध्ये एखादं दार हवं का, यावर आम्ही पुष्कळ बोललो. हॉटेलांत शेजारच्या दोन खोल्यांना जोडणारी दारं असतात. तिथे एकाच चौकटीत पाठीला पाठ लावून दोन दारं असतात, प्रत्येकाची कडी आपापल्या बाजूला. दोघांनीही उघडलं तरच रस्ता होतो, आणि कुणा एकाने बंद ठेवलं तर दुसऱ्याने कारण विचारायचं नसतं. आमच्या वरच्या लँडिंगवर आणि खालच्या लॉबीत हेच होणार आहे. आजारपणात, घरात कार्य असताना, नातवंडं लहान असताना दोन्ही दारं उघडी राहतील. कुणाला शांतता हवी असेल तेव्हा एक बंद केलं की पुरेल. पुढच्या पिढीला घर पुन्हा एक करावंसं वाटलं तर भिंत काढून काच लावायची. जे जोडलं ते सोडता यावं आणि जे सोडलं ते पुन्हा जोडता यावं, याच कसोटीवर आम्ही प्रत्येक निर्णय लावून पाहिला.

कागदपत्रांचं काम कोरडं आहे पण टाळू नये. आपल्या जागेवर दोन स्वतंत्र घरांना परवानगी मिळते का, त्यासाठी किती गाड्यांची जागा लागते, किती अंतर मोकळं सोडावं लागतं, हे नियम ठिकाणागणिक बदलतात. ते पायाखोदाईच्या आधी विचारायचे. परवानगी आज एका घराची घेतली तरी दोन घरांच्या अटी आराखड्यात बसतात ना, हे तपासून घ्यायचं. पुढे मालकी विभागली तर जमीन, लॉबी, जिना, टाकी, डक्ट हे सामायिक राहणार, आणि सामायिक गोष्टींची दुरुस्ती कोण करणार हे नात्याच्या भरवशावर न सोडता लिहून ठेवायचं, तेही सगळ्यांची मनं गोड असताना.

मी स्वतः एका गोष्टीची जबाबदारी घेतली आहे. गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीचा आणि प्रत्येक जमिनीचा फोटो काढायचा, शेजारी मेजरिंग टेप धरून. कुठे लिंटेल लपलेलं आहे, कुठे बूच लावलेला पाइप आहे, कुठला कॉन्ड्युट रिकामा आहे, कुठला स्लॅबचा तुकडा काढता येतो, हे सगळं त्यात दिसलं पाहिजे. घर विभागायची वेळ येईल तेव्हा आजचा मिस्त्री नसेल, इंजिनिअर नसेल, कदाचित आम्हीही नसू. ज्याला गरज आहे त्याला ही सोय आहे हेच ठाऊक नसेल, तर तो दुसरीकडेच भिंत फोडायला लागेल. फोटोंचे छापील कागद आणि नकाशाची एक प्रत मीटरच्या पेटीत प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवायची असं ठरलं आहे, कारण फोन आणि पेनड्राइव्ह तीस वर्षं टिकतील याची खात्री नाही.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही, तो गच्चीचा. जिना लॉबीतून थेट गच्चीपर्यंत जातो, त्यामुळे खालच्या घरालाही कुणाच्या दारात न शिरता वर जाता येईल, तेवढं झालंय. पण नवऱ्याचं म्हणणं की गच्ची दोघांची, कारण खालच्याने जमिनीचा वाटा दिलेला असतो आणि पाण्याच्या टाक्याही वरच आहेत. माझं म्हणणं की अंगण खालच्याकडे जाणार असेल तर गच्ची वरच्याला द्यावी. नाहीतर त्याच्या वाट्याला मोकळं आकाश कुठे येणार? सासूबाईंनी तिसरंच सुचवलं: अर्धी गच्ची वरच्या घराची, अर्धी टाक्या, सोलर पॅनल आणि वाळवणाच्या दोऱ्यांसाठी सामायिक, आणि मध्ये कमरेइतका कठडा. इंजिनिअरला कठड्याच्या वजनाचं विचारलं आहे. तो म्हणतो, जागा या आठवड्यात सांगा, म्हणजे खाली बीम धरता येईल.